काळ्यापेक्षा पांढरं अवघड

बहरीनमधल्या मुहर्रकमध्ये फ्रेमचं दुकान चालवायचं तर सोनेरी पट्टी कधी संपू द्यायची नाही. कुराणातल्या आयतींचं सुलेखन, लग्नाचे फोटो, शिडाच्या होड्यांची रंगीत चित्रं, भारतीय घरांतले देव, सगळ्यांना सोनेरीच लागते. काळं-पांढरं चित्र क्वचित येतं आणि येतं तेव्हा आणणारा जरा ओशाळूनच सांगतो, ''यात रंग नाहीये हो, साधीच पट्टी लावा.'' गिरगावातून तिशीत इथे आलेल्या आणि आता साठी गाठलेल्या एका कारागिराने हे वाक्य मराठीत, हिंदीत आणि अरबीत किती वेळा ऐकलं असेल, त्याची गणती नाही. आजूबाजूचे दुकानदार त्याला 'बॉम्बे' म्हणून हाक मारतात. बिनरंगाच्या चित्राला साधी पट्टी लावावी हे त्यालाही पटतं. त्यामागचं त्याचं कारण मात्र गिऱ्हाइकापेक्षा वेगळं आहे, आणि ते समजायला त्याची बरीच वर्षं गेली.

फ्रेमच्या धंद्यात यायच्या आधी तो मुंबईत एका छापखान्यात होता. काम ऑफसेटचं चाले, पण मागच्या अंगणात शिळाप्रेसच्या जमान्यातले दगड पडलेले होते. पावसाळ्यात चिखल तुडवायला नको म्हणून कोणीतरी ते ओळीने मांडून त्यांची पायवाट केली होती. जर्मनीतल्या सोल्नहोफेनच्या खाणीतून आलेला तो पिवळसर, करडा चुनखडीचा दगड एके काळी सोन्याच्या भावाने जपला जाई. छापखान्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिराला या पायवाटेवरून चालवत नसे, तो बाजूच्या चिखलातून जाई. याच म्हाताऱ्याने एके दिवशी त्यातला एक दगड उचलून आत आणला, वाळू घालून दगडावर दगड घासला आणि या पोराला शिळाछाप कसा निघतो ते दाखवलं.

कृती सांगायला सोपी आहे. सपाट घासलेल्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं. त्यावर बाभळीच्या जातीचा डिंक आणि त्यात नायट्रिक आम्लाचे थोडे थेंब असं मिश्रण फिरवायचं. मग दगड ओला करायचा. जिथे खडू लागलाय तिथे पाणी ठरत नाही, जिथे दगड कोरा आहे तिथे ठरतं. तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त खडूवर बसते, ओल्या कोऱ्या भागावर बसत नाही. वर कागद ठेवून दाब दिला की छाप तयार. कोरणं नाही, खोदणं नाही. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर हा सगळा डोलारा उभा आहे. 1796च्या सुमारास अलोइस सेनेफेल्डर या नाटककाराने ही रीत शोधली, कारण आपली नाटकं स्वस्तात छापून घ्यायची त्याला निकड होती.

मराठी माणसाला या तंत्राचं नवल वाटायचं कारण नाही. गणपत कृष्णाजींनी 1831 साली मुंबईत पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. पुण्याची चित्रशाळा, रविवर्म्यांचा आधी मुंबईत आणि मग मळवलीला गेलेला छापखाना, आजीच्या देवघरातली लक्ष्मी आणि सरस्वती, सगळा दगडाचाच पसारा. फरक एवढाच की आपल्याकडे ही कला घराघरांत पोचली ती रंगीत होऊन. त्यामुळे शिळाछाप म्हटलं की डोळ्यांसमोर गुलाबी कमळ येतं, काळा रस्ता येत नाही.

मुहर्रकला आल्यावर पहिली काही वर्षं त्याच्या हाताखालून जी 'जुनी' शहरचित्रं गेली ती बहुतेक एकाच माणसाच्या नावाची होती. डेव्हिड रॉबर्ट्स हा स्कॉटिश चित्रकार 1838-39 मध्ये इजिप्त आणि पॅलेस्टाइन फिरला. त्याच्या जलरंगांवरून 1842 ते 1849 या काळात लंडनमध्ये शिळाछापांचे मोठे ग्रंथ निघाले. कैरोचे मिनार, बाजार आणि उंटांचे तांडे असलेली ही चित्रं आखातातल्या हॉटेलांच्या लॉबीत आणि घरांच्या मजलिसमध्ये हमखास दिसतात. एका गिऱ्हाइकाने अशांचा गठ्ठाच आणला. सोबत प्रमाणपत्र होतं, 'मर्यादित प्रती' असा शिक्का होता आणि किंमतही त्याला साजेशी मोजलेली होती. बॉम्बेने खिशातलं भिंग काढून कैरोच्या आकाशावर धरलं. आकाशभर चार रंगांचे बारीक ठिपके, एकसारखे, रांगेत. म्हणजे ऑफसेटवर छापलेली नक्कल.

ही परीक्षा तो आता कोणालाही शिकवतो. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. दगडावरच्या खडूचा छाप भिंगाखाली वेडावाकडा दिसतो. दगडाच्या दाणेदार पृष्ठभागाने खडू जिथे पकडला तिथे शाई, जिथे सोडला तिथे कागद, आणि कुठलेही दोन ठिपके सारखे नाहीत. यंत्राचे ठिपके शाळेतल्या पोरांसारखे ओळीत उभे असतात. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावरून काढलेला छाप असेल तर चित्राभोवती कागद दबल्याची चौकट बोटाला लागते. दगडाच्या छापाला अशी चौकट बहुधा नसते. हे कळायला पदवी लागत नाही, पाच मिनिटं आणि बरा उजेड लागतो.

रॉबर्ट्सच्या चित्रांतली आणखी एक गोष्ट त्याला नंतर कुठेतरी वाचताना कळली आणि फार आवडली. दगडावर रेखाटन रॉबर्ट्सने केलंच नव्हतं. ते केलं लुई हाग या बेल्जियन कारागिराने. त्याचा उजवा हात जन्मापासून अधू होता, त्यामुळे अडीचशेच्या आसपास चित्रांचं हे काम त्याने डाव्या हाताने उभं केलं. भिंतीवरच्या चित्राखाली लोक रॉबर्ट्सचं नाव वाचतात. ज्याने कैरोच्या गल्लीतली सावली दगडावर उतरवली त्याचं नाव विचारायची कोणाला सवय नाही. बॉम्बे स्वतः कारागीर, तेव्हा त्याला याचा राग येणं साहजिक आहे. असा राग थोडा असावाच.

तरीही तोवर त्याचं पाहणं कारागिराचंच होतं. शाई कशी बसली, कडा तुटल्या का, कागद कुठला, एवढ्यावर ते थांबे. चित्र पाहायला त्याला शिकवलं ते मुहर्रकच्याच एका निवृत्त चित्रकला शिक्षकाने. या पिढीतले कितीतरी बहरीनी मुंबईच्या वळणाचं हिंदी बोलतात. मोत्यांचा व्यापार होता तेव्हा बाप-आजोबांचं अर्धं आयुष्य मुंबईत जाई आणि बहरीनमध्ये चलनही रुपयाच होतं, थेट 1965मध्ये दिनार येईपर्यंत. हे गृहस्थ एका युरोपीय शहरातल्या चौकाचा शिळाछाप घेऊन आले. पावसात भिजलेला चौक, रात्र, दिवे. बॉम्बेने नेहमीप्रमाणे भिंग काढलं. शिक्षकांनी त्याचा हात बाजूला केला, चित्र उलटं करून काउंटरवर उभं टेकवलं आणि म्हणाले, ''सदीक (दोस्त), अब दूर जाके आँख आधी बंद करके देखो.''

चित्र उलटं झालं की इमारत इमारत राहत नाही, दिवा दिवा राहत नाही. उरतात काळ्या आणि पांढऱ्या जागा, लहान-मोठ्या, एकमेकींना ढकलणाऱ्या. त्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की त्या चौकात काळं जवळजवळ तीन चतुर्थांश होतं आणि तरी नजर पुन्हा पुन्हा जात होती ती ओल्या फरशीवरच्या एका पांढऱ्या पट्ट्याकडे. शिक्षकांनी विचारलं, हा पांढरा कुठून आला? त्याला उत्तर येत होतं, ते आजवर कोणी विचारलं नव्हतं इतकंच. पांढरी शाई नसतेच. पांढरा म्हणजे कागद. चित्रकाराने तिथे खडू लावला नाही, किंवा लावलेला काळा थर ब्लेडच्या टोकाने खरवडून काढला. पावसाच्या रेघा, विजेच्या तारा, रुळांवरची चकाकी ही सगळी खरवडलेली असते. एकदा गडद झालेला भाग दगडावर पुन्हा पूर्ण कोरा करणं महाकठीण, म्हणून काय कोरं ठेवायचं हे आधीच ठरवावं लागतं. काळं नंतरही वाढवता येतं.

तेव्हापासून तो शहराचा शिळाछाप हातात आला की आधी पांढरं मोजतो.

मुहर्रकच्या गल्ल्यांनी त्याला या बाबतीत बरीच मदत केली, असं तो म्हणतो. जुनी घरं प्रवाळाच्या दगडाची, वर जिप्समचा गिलावा, गल्ल्या अरुंद आणि वाकड्या. उन्हाळ्यात दुपारी बाराला एक भिंत डोळे दिपवते आणि समोरच्या भिंतीखालच्या सावलीत बसलेलं मांजर दिसत नाही. मधले करडे रंग गायब. मोत्यांच्या अर्थव्यवस्थेची साक्ष म्हणून या शहरातल्या 17 इमारती, त्यांच्यासोबत बू माहिर किल्ल्याजवळचा किनारा आणि समुद्रातले शिंपल्यांचे थर 2012मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्या इमारतींना जोडणारी साडेतीन किलोमीटरची पायवाट आता पर्यटक चालतात. बॉम्बे तिथे जातो तो दुपारच्या सुट्टीत. शेख इसा बिन अली यांच्या घरासमोर उभं राहून वाऱ्याच्या मनोऱ्याची सावली अंगणात कुठवर येते ते पाहतो. रंगीत कॅमेऱ्याला ही दुपार पकडता येत नाही, असं त्याचं ठाम मत आहे. खडू आणि दगडाला येईल.

शहराच्या चित्रात आणखी एक गंमत असते, ती म्हणजे पाट्या. दगडावरचं चित्र कागदावर उलटं उमटतं, डावं उजवीकडे. निसर्गचित्रात झाड डावीकडचं उजवीकडे गेलं तर झाडाची तक्रार नसते. रस्त्याच्या चित्रात मात्र दुकानाची पाटी उलटी आली की सोंग उघडं पडतं. मग चित्रकार एकतर आरशातलं अक्षर काढायला शिकतो, किंवा खास कागदावर तेलकट शाईने सरळ काढून ते दगडावर उतरवतो. दुसऱ्या रीतीमुळेच अरबी-फारसी पुस्तकांना शिळाप्रेस इतका मानवला. कातिबाने, म्हणजे लेखनिकाने, लिहिलेलं वळणदार अक्षर जसंच्या तसं छापता येई, खिळे जुळवायला नकोत. एकोणिसाव्या शतकात मुंबई अशा पुस्तकांचं मोठं केंद्र होती आणि ती जहाजांतून इराणला, आखातातल्या बंदरांना जात. एका गिऱ्हाइकाने आजोबांच्या पेटीतलं असं एक सुटं पान फ्रेम करायला आणलं. खाली अरबीत बंबई हे नाव वाचून बॉम्बेने त्याची मजुरी घेतली नाही. धंद्याच्या दृष्टीने हा मूर्खपणा होता, पण तो त्याने पुढेही केला आहे.

ज्याला या मुलखातल्या छपाईची ओढ आहे त्याने मुहर्रकमधलं अब्दुल्ला अल-झायद यांचं घर पाहावं. 1939मध्ये 'अल-बहरीन' हे बहरीनचं पहिलं वृत्तपत्र काढणाऱ्या या माणसाचं जुनं घर आता तिथल्या पत्रकारितेच्या वारशाचं दालन आहे. आणि खूप मागे जायचं तर राष्ट्रीय संग्रहालयात दिलमूनच्या मुद्रा आहेत, चार हजार वर्षांपूर्वीच्या, मऊ दगडाच्या, बोटभर रुंदीच्या. त्या मातीवर दाबून ठसा उमटवायचे. म्हणजे त्या कोरणाऱ्यालाही उलटंच कोरावं लागत होतं. दगडावरून चित्र उतरवून घेण्याची या बेटाला सेनेफेल्डरच्या कितीतरी आधीपासून सवय आहे.

बॉम्बेच्या मते त्याच्या दुकानात आलेलं सर्वांत चांगलं शहरचित्र एका मराठी कुटुंबाचं होतं. नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलगी इथल्याच शाळेत. मुंबईचं घर आवरताना पोटमाळ्यावर सापडलेला शिळाछाप वहिनी गुंडाळून घेऊन आल्या होत्या. ''काका, आजेसासऱ्यांचं आहे, इंग्रजांच्या वेळचं म्हणतात. गिरगावच असावं.'' खाली कोपऱ्यात पेन्सिलीने प्रतीचा क्रमांक आणि एक न लागणारी सही. संध्याकाळचा रस्ता, दोन्हीकडे चाळींच्या लाकडी गॅलऱ्या, मधोमध ट्राम. त्याने भिंग लावलं आणि खडूचे दाणे पाहून सुस्कारा टाकला. मग दूर गेला. चित्रात पांढरं फार थोडं होतं. ट्रामच्या रुळांच्या दोन खरवडलेल्या रेघा, एका दुकानातल्या पेट्रोमॅक्सचा गोळा आणि तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेलं एक धोतर. बाकी सगळी संध्याकाळ. धोतराच्या पांढऱ्याने ती सगळी चाळ तोलून धरली होती.

'इंग्रजांच्या वेळचं' या दाव्यावर त्याने मान डोलावली नाही. शहराचं चित्र आपला काळ स्वतःच सांगतं, फक्त विचारावं लागतं. वर विजेची तार आहे, म्हणजे घोड्यांच्या ट्रामचा काळ नव्हे. मुंबईत विजेची ट्राम 1907ला आली. ट्राम दुमजली आहे, म्हणजे 1920च्या पुढे. मागे दुमजली बसही दिसते आणि त्या 1937पासूनच्या. शेवटची ट्राम धावली 31 मार्च 1964 रोजी. तेव्हा चित्र या सत्तावीस वर्षांतलं, इंग्रज असतील किंवा नसतीलही. वहिनी थोड्या हिरमुसल्या. मुलीला मात्र हा खेळ फारच आवडला आणि ती पाट्या वाचायला बसली. पाट्या सरळ होत्या. एका पाटीवरचा 'ळ' तेवढा उलटा राहिला होता.

हीच युक्ती मुंबईतल्या फोर्टच्या जुन्या चित्रांना लागू पडते. सेंट थॉमस कॅथीड्रलवर उंच मनोरा नसेल तर ते दृश्य 1838च्या आधीचं. राजाबाई टॉवर असेल तर 1878च्या आसपासचं किंवा नंतरचं. चित्रकार आठवणीतूनही काढू शकतो, म्हणून हा पुरावा कोर्टात टिकणारा नाही, पण घरात टिकतो. आणि जुन्या मुंबईच्या रंगीत शिळाछापांबद्दल बोलायचं तर त्यांतले बरेच मुळात काळेच असतात. 1826मध्ये मुंबईत शहराची दृश्यं छापणारा गोव्याकडचा चित्रकार जोझे गोन्साल्विस हा इथल्या पहिल्या शिळाछापकारांपैकी एक. त्याच्या प्रतींवरचा रंग नंतर ब्रशने चढवलेला आहे. खाली सगळं काम काळ्याने आणि कोऱ्या कागदाने आधीच पुरं केलेलं असतं.

त्या गिरगावच्या चित्राला आधी कोणीतरी कडेला चिकटपट्टी लावली होती आणि तिचे पिवळे ओरखडे पडले होते. असले प्रकार त्याने बरेच पाहिलेत. चित्र प्लायवुडवर लाकडाच्या गोंदाने थेट चिकटवलेलं, काचेला टेकून बुरशी आलेलं, तयार फ्रेममध्ये बसावं म्हणून कडा कापून पेन्सिलीची सहीच गेलेली. शिळाछापाची काळी शाई काजळीची असते, ती उन्हाने उडत नाही. बिघडतो तो कागद. तो पिवळा पडतो, तांबूस डाग धरतो, आणि मग काळं तेवढंच असूनही चित्र मंद दिसायला लागतं, कारण त्यातला उजेड गेलेला असतो. बहरीनच्या ऑगस्टमध्ये बाहेरची हवा ओल्या पंच्यासारखी अंगाला चिकटते आणि आत एसी सुरू असतो. बाहेरच्या भिंतीवर लावलेल्या फ्रेममध्ये पाणी धरायला याहून चांगली सोय नाही.

म्हणून त्याने त्या चित्राला आम्लविरहित माऊंट लावला, चारी बाजूंनी चांगला रुंद. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या, गव्हाच्या खळीने चिकटवलेल्या, बाकी कागद मोकळा लोंबता, म्हणजे हवेबरोबर फुगायला-आक्रसायला जागा राहते. छापाच्या कडेचा एकही मिलिमीटर कापला नाही. पट्टी काळी, अर्ध्या इंचाची, साधी. सोनेरी पट्टी लावली तर डोळा आधी तिच्या चकाकीवर जातो आणि त्या धोतराचा पांढरा हरतो, एवढंच त्याचं कारण. वहिनींना पट्टी फारच बारीक वाटली. घरी भिंतीवर लावल्यावर त्यांचा फोन आला की दिवाणखान्यात आलेले सगळे आधी त्या चित्राकडेच जातात.

अशा चित्राची चौकशी आता त्याच्याकडे अधूनमधून होते, विशेषतः इथल्या मराठी घरांतून. कुठे मिळेल, केवढ्याला, असं विचारतात. क्रमांक घातलेली ऑफसेटची प्रत घेऊ नका, हे तो आधी सांगतो. मग सांगतो की मुंबईला जाल तेव्हा जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं वार्षिक प्रदर्शन कधी आहे ते पाहा, तिथे मुद्राचित्रणाच्या विद्यार्थ्यांची कामं असतात. भिंग बरोबर न्या. चित्र आवडलं तर ते उलटं धरून बघायची परवानगी मागा, विद्यार्थी हसेल पण देईल. आणि विकत घ्याल तर कडा कापू नका.